सरदार ऊशारचा खटला

नाटक मी लिहिलं. जत्रेत ते अर्धंच झालं. उरलेलं गावानं दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात केलं, आणि तिथं कुणाला पाठांतर लागलं नाही.

गोटीरामकाका म्हणजे आमच्या खाडी बचाव समितीचा अध्यक्ष. साठी ओलांडलेला, उंच, मान थोडी पुढं काढून चालणारा. निम्मं आयुष्य मिठागरात गेलं, निम्मं बांधावर. नावड्याच्या पुढं, तळोज्याच्या एमआयडीसीला खेटून आमचं गाव. गावाच्या अंगाला खाडीचा फाटा आणि फाट्याच्या पलीकडं एक केमिकल कंपनी. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, ते गावात कुणाला धड घेता येत नाही. आम्ही तिला लाल चिमणी म्हणतो. ही लाल चिमणी आपलं घाण पाणी नाल्यातून खाडीत सोडायची. कधी पिवळं, कधी जांभळं. निवटे मेले, कोळंबी गेली, आणि खाडीकाठच्या बायका पिशवी घेऊन कळंबोलीच्या बाजारात मासळी विकत घ्यायला जाऊ लागल्या. ही लाज शहरातल्या माणसाला सांगून कळायची नाही.

गाव अर्ज करत होतं. अर्जाला उत्तर यायचं, उत्तराला आम्ही पुन्हा अर्ज करायचो. एक दिवस काका म्हणाला, "कागदानं पानी आडत नाय रं. पानी मातीनं आडते."

आमच्याकडं खारजमिनीचा बांध फुटला की त्याला खांड गेली म्हणतात. वेशीवरून कुणीतरी ओरडतं, "खांड गेली!" आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन निघतो. घरात भांडण असो, वैर असो, सुतक असो. कुणाच्या शेताची खांड, हे कुणी विचारत नाही. शेतं गेली, तिथं टॉवर आले, हाक तेवढी राहिली. भादव्यातल्या एका सकाळी काकानं ती हाक दिली. म्हातारे सवयीनं उठले, पोरं काय झालं बघायला धावली. बांध कुठं फुटलाच नव्हता. काकाला नवा घालायचा होता, लाल चिमणीच्या नाल्याच्या तोंडावर.

ओहोटीच्या वेळी चिखल आणि रेतीच्या गोण्या टाकून गावानं नाला बुजवला. कंपनीचं पाणी कंपनीच्या अंगणात परत गेलं. गेटवर पोलीस आले, पण बायका बांधावर अशा बसल्या होत्या की एकीला उचलायचं तर सगळा बांध उचलावा लागला असता. प्लांट बंद पडला. लाल चिमणीचा धूर थांबलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

मग आतून एक वॉचमन बोंबलत आला. खालच्या पंपघरात पाणी शिरलं होतं आणि कंत्राटातली दोन पोरं आत अडकली होती. ओडिशाची पोरं. त्यांचं ना आमच्याशी वैर, ना कंपनीशी नातं. काकानं कुणाला विचारलं नाही. फावडं घेऊन तो बांधात उतरला आणि स्वतः घातलेला बांध स्वतः फोडला. तुंबलेलं केमिकलचं पाणी त्याच्या अंगावर आलं. मानेपासून कमरेपर्यंत पाठीची सालं निघाली. पोरं वाचली.

दिपेश, काकाच्या सख्ख्या भावाचा पोर, समितीचा सेक्रेटरी, तिथंच उभा होता. काकाला गोधडीत घालून टेम्पोत चढवत असताना तो म्हणाला, "काका, अजून थोडं ताणलं असतं ना, तर मालक स्वतः हात जोडत आला असता."

काका दातओठ खात म्हणाला, "दोन मढ्यांवरना आला असता. मना तसला नको."

तरी गाव जिंकलंच. पेपरात फोटो आला, टीव्हीवाले आले, आणि कंपनीला पहिल्यांदा बोलणी करायला बसावं लागलं.

काका ऐरोलीच्या बर्न्स हॉस्पिटलात पालथा पडला होता. मी नववी नापास, तळोज्यात एका पॅकिंगच्या कंपनीत कंत्राटावर. दरवर्षी जत्रेला नाटक लिहितो, म्हणून गाव मला लेखक म्हणून चिडवतं. ड्युटी संपली की मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसायचो आणि मोबाइलवर फ्रान्सच्या क्रांतीचं वाचायचो. राजाला मारल्यावर पुढं काय झालं, हे शाळेच्या पुस्तकात कुणी नीट सांगितलं नव्हतं. तिथं मला हा सेनापती सापडला.

त्याचं नाव ऊशार. फ्रेंच लोक ते लिहिताना पुढं एक ह लावतात आणि बोलताना गिळतात. जर्मन सीमेवरच्या गावचा. त्याला फ्रेंच धड बोलता यायचं नाही, घरची बोली जर्मन वळणाची. पोरवयात घोडदळात गेला. कॉर्सिकाच्या लढाईत तोंडावर गोळी बसली आणि ओठ कायमचा वाकडा झाला. राजाच्या अमलात बढती खानदान बघून मिळायची, त्यामुळं इतकी वर्षं घासून गडी कप्तानाच्या पुढं सरकला नाही. क्रांती झाली आणि या वाकड्या तोंडाच्या माणसाला भराभर हुद्दे मिळाले. १७९३ साली त्याला उत्तरेच्या फौजेचा सेनापती केला. ज्या सेनापतीनं त्याला वर आणलं होतं, त्याचं डोकं त्याच महिन्यात पॅरिसमध्ये गिलोटिनखाली, म्हणजे डोकं उडवायच्या यंत्राखाली गेलं. अशी ती खुर्ची होती.

इंग्रजांनी डंकर्क नावाचं बंदर वेढलं होतं. ऊशार चाल करून गेला आणि ओंडस्कोट गावापाशी जिंकला. इंग्रजांना जड तोफा तिथंच टाकून किनाऱ्यानं मागं हटावं लागलं. पण त्याची माणसं दमली होती, पांगली होती. त्यानं पळणाऱ्यांना पुरतं कोंडलं नाही. झालं. पॅरिसमध्ये उबेत बसलेल्यांनी ठरवलं की यानं शत्रूला मुद्दाम सोडलं. त्याचे कागद तपासले. त्यात शत्रूच्या सेनापतींशी कैद्यांच्या अदलाबदलीचा पत्रव्यवहार निघाला. पत्रात माणूस जसं गोड लिहितो तसं लिहिलेलं. तेवढं पुरलं. लढाई सप्टेंबरात जिंकली, नोव्हेंबरात मान कापली. कोर्टाच्या अध्यक्षानं त्याला भेकड म्हटलं, तेव्हा त्यानं सदरा फाडून जखमा दाखवल्या आणि म्हणाला, माझं उत्तर वाचा, ते इथं लिहिलंय.

मी हे सगळं काकाला वाचून दाखवलं. काकानं उशीत तोंड खुपसूनच विचारलं, "त्या बंदरातली लोकां काय करत व्हती? नुसती वाट बघत बसली?"

"नाही. पाण्याची दारं उघडली. जमिनीत पाणी घेतलं. इंग्रजांचे खंदक भरले."

काकानं मान वळवली. "उघाडी उघडली त्यांनी?" बांधातल्या पाण्याच्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो.

"तेच."

"म्हंजे ती पन खारजमीनच!" काका हसायला गेला आणि पाठ दुखून कळवळला. "मंग यो आपलाच मानूस. नाव काय बोललास? हुशार?"

"ऊशार."

"तेच म्हनतो. हुशार असता तं असा मेला असता का?"

पलीकडच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा हसला. तेव्हाच मी ठरवलं, यंदाचं नाटक हेच. आणि ऊशार काकाच करणार.

माघात काकाच्या पोरीचं, मनस्वीचं लग्न निघालं. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. तिला आमंत्रण लागत नाही. मांडवात येईल तो पंगतीला बसतो. कोण, कुठला, कुणी आणला, हे आलेल्याला विचारत नाहीत. विचारलं तर पाहुण्याचं काही जात नाही, यजमानाचं नाक जातं.

मी मटणाची बादली घेऊन वाढत होतो. दिपेशची गाडी मांडवाच्या मागल्या अंगाला थांबली आणि त्यातून लाल चिमणीचा मॅनेजर उतरला. इस्त्रीचा कुर्ता, हातात फुलांचा गुच्छ. दिपेशनं त्याचा दंड धरला होता, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देतात तसा. पंगतीच्या मधोमध आणून बसवला.

पुतळाकाकी, काकाची बायको, वड्यांची टोपली कमरेवर घेऊन तिथंच थबकली. "याला कोनी बोलावला?"

"गप," काका म्हणाला. "मांडवात आयलाय."

"तुमची पाठ अजून भरली नाय आनि..."

"गप म्हनला ना. दे ती टोपली."

काकानं स्वतः वाकून त्या माणसाच्या पानात वडे वाढले. पाठ ताणली तसं तोंड वाकडं झालं, पण हात जोडून म्हणाला, "पोटभर जेवा." समोरून दिपेशनं मोबाइल धरला. "काका, इकडं बघा ना जरा. स्माईल!" आणि हळदीच्या मांडवात पोरीचा बाप जसा हसतो तसा काका हसला.

रात्री आवरताना मी काकाला म्हणालो, "दिपेशनं आणला त्याला. मी डोळ्यांनी बघितलं."

"मी पन बघितला," काका म्हणाला. "पोर हाय. साहेबाच्या गाडीत, साहेबाच्या ऑफिसात बसायची हौस असते या वयात. जाऊ दे."

चैत्रात जत्रा. दहाला माईक बंद करावा लागतो, म्हणून आमचं नाटक दिवेलागणीलाच सुरू होतं. यंदा जत्रेला आणखी वजन होतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसणार होती, म्हणजे देवळात सगळ्या गावाची बैठक, आणि तिथून गावाचा माणूस पनवेलला प्रांतांच्या कचेरीत जाऊन कंपनीशी करार करणार होता. सही काकाची. काकाची अट एकच, नाल्यात घाण पाणी सोडणारा कंपनीचा पाइप कायमचा बंद. साफ केलेलं पाणी सोडतो म्हणाले तरी नको. कंपनी बाकी सगळं द्यायला तयार होती, शाळेला रंग, देवळाला फरशी, पोरांना कामं, भंगाराचा ठेका. पाइप सोडून काहीही. काका सही करणारा असेपर्यंत त्या पाइपाचं आयुष्य संपलं होतं, हे आम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही.

तालमी समाजमंदिरात चालल्या. दिपेश पहिल्याच दिवशी माझ्याकडं आला. "पद्मा, तो कोर्टाचा अध्यक्ष मला दे ना यार. शिव्या घालायचा रोल आहे. कडक करतो."

दिला. आवाज चांगला होता त्याचा. वर म्हणाला, "मागं पडदा काय लावतोस गरिबासारखा? एलईडी स्क्रीन आणतो. फ्रान्स दाखव, तोफा दाखव, समुद्र दाखव. खर्चाचं टेन्शन नको, स्पॉन्सर आहे."

मी खूश. स्पॉन्सर कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. नाटकवाल्याला स्क्रीन मिळाली की तो आणखी कशाला काय विचारतो?

काकाचा पोशाख खारघरच्या बँडवाल्याकडून आणला. निळा कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे. काकानं तो घातला तेव्हा पोरं ओरडली, "काका, आता वरात कुनाची?" काका म्हणाला, "माजीच. घोडा आना." तालमीत तो ओळी विसरायचा, पण शेवटची ओळ कधी चुकला नाही. सदऱ्याची बटणं उघडायची, पाठ प्रेक्षकांकडं करायची आणि म्हणायचं, "माजा उत्तर वाचा, ता हितं लिवलाय." तालमीत तो बटणं उघडत नसे. "त्या दिवशी," एवढंच म्हणायचा.

त्या दिवशी देवळापुढचं मैदान भरलं होतं. लढाईचा प्रवेश झाला. स्क्रीनवर तोफा धडाडल्या, इंग्रज पळाले, शिट्ट्या पडल्या. मग खटला. दिपेश काळा झगा घालून उंच खुर्चीवर बसला. काका मधोमध उभा.

"आरोपी ऊशार!" दिपेश गरजला. "शत्रू पळत असताना तू त्याला वाट का दिलीस?"

"माजी मानसा दमली व्हती," काका म्हणाला. हीच ओळ होती.

पुढची ओळ दिपेशची होती, पत्रांबद्दल. ती त्यानं घेतली नाही. खुर्चीतून उठून तो पुढं आला, माईक तोंडाशी घेतला आणि म्हणाला, "आणि बांध का फोडलास?"

लोक हसले. त्यांना वाटलं, दिपेशनं पदरची ओळ घातली, जत्रेच्या नाटकात घालतात तशी. काकासुद्धा गालात हसला.

"कंपनी गुडघ्यावर आली होती," दिपेश म्हणाला. "आणखी एक दिवस काढला असता तर पाइप तेव्हाच गेला असता. बांध फोडायला तुला कुणी सांगितलं होतं? काय ठरलं होतं तुझं त्यांच्याशी?"

आता हसू थांबलं. मी विंगेतून ओरडलो, "दिपेश, लाइनवर ये!" त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. हात वर केला, आणि मागच्या स्क्रीनवर समुद्र जाऊन हळदीचा मांडव आला. काका वाकून मॅनेजरच्या पानात वडे वाढतोय. हात जोडतोय. हसतोय. दोन माणसांच्या उंचीएवढं ते हसू अख्ख्या गावासमोर.

"हे बघा," दिपेश म्हणाला. "पाठ जळली म्हणून आपण रडत होतो. आणि हे इकडं जेवणावळी घालतात. पाहुणा ओळखला का?"

मैदानात पहिल्यांदा कुजबुज झाली, मग आरडाओरड. मी स्टेजवर धावलो. "त्याला यानंच आणला होता! याच्या गाडीतून! मी होतो तिथं!" माझा आवाज पहिल्या दोन रांगांच्या पुढं गेला नाही. काकाच्या कॉलरचा माईक कधीच बंद केला होता. आणि ऑपरेटर माझ्याशी नजर भिडवेना.

दिपेशनं आपला माईक काकाच्या तोंडासमोर धरला. "बोला. जेवला की नाही हा माणूस तुमच्या घरी?"

"आयला. बसला. जेवला," काका म्हणाला.

"कुणी बोलावला त्याला?"

काकानं दिपेशकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. तू. एवढाच. माईक पुढ्यात होता, सगळं गाव कान टवकारून होतं, मी हात जोडत होतो, काका बोल, बोल. काका म्हणाला, "माज्या मांडवात आलेल्याला कोनी बोलावला ता मी सांगत नाय. माज्या पोरीची हळद व्हती ती."

"म्हणजे कबूल!" दिपेश ओरडला.

मी शेवटची ओळ फेकली. विंगेतून नाही, त्याच्या शेजारी उभं राहून. "काका, सदरा. पाठ दाखव. माझं उत्तर वाचा." काकाचा हात कोटाच्या बटणावर गेला. पुढच्या रांगेत ती माणसं बसली होती ज्यांनी त्याला गोधडीत उचलला होता, ज्यांच्या हातांना त्याची कातडी चिकटली होती. काकानं त्यांच्याकडं नीट बघितलं. एकेकाकडं. मग वरचं उघडं बटण लावलं.

"नाटकात दाखवली असती," तो मला म्हणाला. "खऱ्यात नाय दाखवत. ज्यांनी बघितलीय त्यांना काय दाखवू?"

आणि बँडवाल्याच्या निळ्या कोटात तो स्टेजच्या पुढच्या पायऱ्या उतरून लोकांतून चालत गेला. वाट मिळाली. कुणी हात लावला नाही, कुणी थांबवलंही नाही. वर स्क्रीनवर तो हसतच होता. पुतळाकाकी जाऊन जनरेटरची वायर उपटेपर्यंत हसत होता.

मला वाटलं होतं, गाव फसलंय. रात्रीत डोकी थंड होतील, सकाळी मी उभा राहून सगळं सांगेन. तेवढा भाबडा मी तेव्हा होतो.

सकाळी गावकी बसली. हौसेराव, वयानं सगळ्यात मोठा, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी टेकून बसला होता. काका एका खांबापाशी. दिपेश उभा. पांढरा शर्ट, हात मागं. "काकांबद्दल मला रिस्पेक्टच आहे," तो म्हणाला. "काका, पर्सनल घेऊ नका. पण सहीला क्लीन माणूस पाहिजे. लोकांत चर्चा आहे."

"चर्चा तूच केलीस!" मी म्हणालो. "मॅनेजर तुझ्या गाडीतून उतरला."

"प्रूफ आहे का? फोटो आहे?" दिपेश म्हणाला.

तेवढ्यात पुतळाकाकी आत आली. आमच्या गावकीत बाया येत नाहीत, ओट्यावर थांबतात. ती सरळ मधे येऊन उभी राहिली. "फोटो नाय. मी हाय ना? यानं आनला त्याला, दंड धरून. मी टोपली घेऊन उभी व्हते. तुमी पन सगली पंगतीला व्हतीत." तिनं बोटानं दाखवायला सुरुवात केली. "तू त्याच्या बाजूला बसलेलास. तू त्याला पानी दिलास. हौसेदादा, तुमी त्याला हात जोडलात. कोनाच्या गाडीतना उतरला ता तुमी नाय बघितला?"

मी चेहरे बघत होतो. कुणीतरी चमकेल, कुणाचं तरी तोंड उघडं पडेल, कुणी तरी दिपेशकडं वळून म्हणेल, काय रं? कुणाचाच चेहरा बदलला नाही. मग मला कळलं. त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून, सगळ्यांना. काल रात्री मैदानात जो आरडाओरडा झाला तोसुद्धा ठरलेला होता, माझ्या नाटकापेक्षा चांगला बसवलेला. कुणाच्या पोराला कंपनीत घेणार होते. कुणाचा टँकर लागणार होता. काकाला काढायला फक्त एक तोंडी लावायचं कारण हवं होतं, ते फ्रान्समधून मी आणून दिलं.

हौसेराव खाकरला. "बाईमानसाचा गावकीत काय काम?" आणि तिच्याकडं न बघताच म्हणाला, "दिपेशनं जावा असा ज्यांना वाटते त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. टेम्पोत काकाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्यानं केला. बांधावर पोलिसांसमोर बसलेल्या बाईच्या नवऱ्यानं केला. काकानं वर बघितलंच नाही. तो फरशीकडं बघत होता, पुरुष रडू आवरताना बघतात तसा. मी शिव्या घातल्या. देवळात घातल्या, आईबहिणीवरून घातल्या, आणि मला बाहेर काढलं.

करार दुपारी झाला. पाइप बंद करायचा की नाही, याचा अभ्यास करायला एक समिती नेमली. समितीत दिपेश आहे. अभ्यास चालू आहे आणि पाइपही चालू आहे. गेटवर भंगार उचलायला येणाऱ्या टेम्पोवर मागं मोठ्या अक्षरात दिपेशचं नाव आहे, देवीच्या फोटोखाली.

आठवड्यानं तो मला नाक्यावर भेटला. गाडीची काच खाली केली. "काय लेखक, राग गेला का? पुढच्या वर्षी कॉमेडी लिही. हे डोकं उडवण्याबिडवण्याचं लोकांना पचत नाही."

"तुला पचलं की," मी म्हणालो. तो हसून काच वर करून गेला. मी दगड उचलला होता. मारला नाही. का मारला नाही, याचा मला अजून राग येतो.

मग मी काकाकडं गेलो. ओट्यावर तो आणि पुतळाकाकी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. काकानं माझ्यासाठी सूप बाजूला सरकवलं. मीही शेंगा सोलू लागलो. मग काकानं विचारलं, "त्यो तुजा हुशार. त्याला धरून नेला तवा त्याची मानसा कुठं व्हती? येवढी मोठी फौज. कोनीच आडवा आला नाय?"

"नाही."

"मंग काय केला त्यांनी?"

"नवा सेनापती आला. त्याच्या हाताखाली लढले. पुढच्याच महिन्यात आणखी एक लढाई जिंकले."

"आनि यो?"

"हा तुरुंगात होता. जिवंत होता तेव्हा."

काकानं एक शेंग सोलली. दाणे किडके निघाले, ते अंगणात फेकले. "पन जिकली ना ती?"

"जिंकली."

"मंग ठीक हाय."

"काय ठीक हाय?" मी ओरडलो. "ते निदान जिंकले तरी! यांनी काय केलं? यांनी विकलं, काका. तुझ्या पाठीवर सही करून विकलं. आणि तू एक शब्द बोलला नाहीस. त्या पोराचं नाव घ्यायला तुला काय झालं होतं?"

पुतळाकाकीनं हातातल्या शेंगा सुपात आपटल्या. "त्याला नको इचारू. त्याला सांगता यायचा नाय. तू लिव्ह. सगल्यांचा लिव्ह, नावानिशी."

"लिव्ह," काका म्हणाला. "पन दिपेशचा नाव नको टाकू. भावाचा पोर हाय. उद्या त्याची पोरं वाचतील."

मी टाकलंय.